फ्रेंचची परीक्षा द्यायची, पण कोणती?

परदेशी भाषा शिकणे ही एकेकाळी बंगल्यात राहणाऱ्यांच्या मुलांची हौस समजली जात होती. आता तसे राहिलेले नाही. रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरचा मुलगा, महापालिकेच्या कामगाराची मुलगी, दवाखान्यात परिचारिका असलेली सून, अशी आपल्याच वस्तीतली माणसे संध्याकाळी वही घेऊन फ्रेंचच्या वर्गाला जाताना दिसतात. कोणाला फ्रान्समध्ये शिकायचे असते, कोणाला कॅनडा खुणावत असतो, तर कोणाला पुण्या-मुंबईतच चार पैसे जास्त देणारी नोकरी हवी असते.

आपल्याला यात परके वाटण्याचे कारण नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, तेव्हा अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र या विषयांच्या जोडीला त्यांनी प्राथमिक फ्रेंच आणि प्राथमिक जर्मन हे अभ्यासक्रमही घेतले होते. ज्ञान ज्या भाषेत असेल त्या भाषेपर्यंत आपण गेले पाहिजे, ही त्यांची दृष्टी होती.

मात्र भाषा शिकणे वेगळे आणि तिची परीक्षा देणे वेगळे. फ्रेंचची एकच एक परीक्षा नाही. डेल्फ, डाल्फ, टीसीएफ, टेफ अशी चार नावे तरी कानावर पडतात आणि त्यातल्या काहींना पुन्हा पोटप्रकार आहेत. मुले क्लासमध्ये जे नाव ऐकतात तोच फॉर्म भरून मोकळी होतात. फी हजारांत असते. ती कधी भिशीतून येते, कधी पतपेढीच्या कर्जातून, कधी आईच्या कानातल्या फुलांवर. एवढे करून पास झाल्यावर कळते की ज्या कार्यालयात हा कागद द्यायचा होता तिथे तो चालतच नाही. मुलाची हुशारी कमी पडलेली नसते, पण पैसे गेलेले असतात आणि वर्षही गेलेले असते.

म्हणून पालकांना आणि मुलांना आमचे पहिले सांगणे असे की, "कोणती परीक्षा चांगली?" असे विचारू नका. "हा कागद आपल्याला कोणाच्या टेबलावर ठेवायचा आहे?" असे विचारा. विद्यापीठाच्या, कॅनडा सरकारच्या, फ्रान्सच्या सरकारी कचेरीच्या, की इथल्याच एखाद्या कंपनीच्या? या एका प्रश्नाचे उत्तर मिळाले की परीक्षा कोणती द्यायची हे जवळजवळ ठरूनच जाते.

आधी पायऱ्या समजून घ्या

युरोपातल्या भाषांसाठी युरोप परिषदेने २००१ साली एक सामाईक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तिच्या सहा पायऱ्या आहेत : ए-१, ए-२, बी-१, बी-२, सी-१ आणि सी-२. फ्रेंचच्या सर्व परीक्षा आज या पायऱ्यांच्या आधारे बोलतात, म्हणून त्या नीट कळल्या पाहिजेत.

ए-१ म्हणजे आपले नाव, गाव, घरात कोण कोण आहे हे सांगता येणे. ए-२ म्हणजे बाजारात भाव विचारणे, डॉक्टरला कुठे दुखते ते सांगणे, बसचा रस्ता विचारणे. बी-१ म्हणजे त्या देशात गेल्यावर रोजचे व्यवहार कोणाचा हात न धरता करता येणे आणि घडलेली हकिगत सांगता येणे. बी-२ ही खरी मोठी पायरी आहे. इथे आपले मत मांडता आले पाहिजे, समोरच्याचा मुद्दा खोडता आला पाहिजे, तक्रारीचे किंवा मागणीचे औपचारिक पत्र लिहिता आले पाहिजे. सी-१ म्हणजे विद्यापीठातले व्याख्यान ऐकून टिपणे काढण्याइतकी तयारी, आणि सी-२ म्हणजे त्या भाषेवर जवळजवळ पूर्ण प्रभुत्व.

बहुतेक ठिकाणी दार उघडते ते बी-२ ला. त्याखालच्या पायऱ्या वाया जातात असे मुळीच नाही, पण ए-२ च्या कागदावर परदेशात पदवीला प्रवेश मिळेल असे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

डेल्फ आणि डाल्फ : जन्मभर टिकणारा कागद

डेल्फ आणि डाल्फ हे फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाचे डिप्लोमा आहेत. ते १९८५ साली सुरू झाले. ए-१ पासून बी-२ पर्यंतच्या चार परीक्षांना डेल्फ म्हणतात आणि सी-१, सी-२ या वरच्या दोन परीक्षांना डाल्फ. प्रत्येक पायरीची परीक्षा वेगळी आणि फीही वेगळी. पायरी जसजशी वर, तसतशी फी वाढत जाते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. बी-२ देण्यासाठी आधीच्या तीन परीक्षा दिलेल्या असल्याच पाहिजेत, अशी सक्ती नाही. तयारी असेल तर थेट बी-२ ला बसता येते. ज्या घरात एकाच परीक्षेची फी जमवणे कठीण आहे, त्या घरातल्या मुलाने चार पायऱ्यांची चार वेळा फी भरण्याची गरज नाही.

डेल्फमध्ये चार भाग असतात : ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे. प्रत्येकाला २५ गुण, एकूण १००. पास होण्यासाठी १०० पैकी ५० गुण हवेत आणि कोणत्याही भागात २५ पैकी ५ पेक्षा कमी पडता कामा नये. म्हणजे लेखनात कितीही चांगले केले आणि तोंडी परीक्षेत गप्प बसून राहिले, तर डिप्लोमा हुकतो. बी-२ च्या लेखी भागात ऐकण्यासाठी सुमारे अर्धा तास, वाचनासाठी एक तास आणि लेखनासाठी एक तास असतो. लेखनात किमान २५० शब्दांत आपली बाजू मांडावी लागते. तोंडी परीक्षेत एक छोटा मजकूर दिला जातो, तयारीला अर्धा तास मिळतो आणि मग सुमारे २० मिनिटे आपले म्हणणे मांडून परीक्षकांशी चर्चा करावी लागते.

या डिप्लोमाला मुदत नाही. आज पास झालेल्या मुलीचा कागद वीस वर्षांनीही तसाच ग्राह्य राहतो. उलट बाजूही लक्षात ठेवावी. ही परीक्षा पास किंवा नापास अशी आहे. ४९ गुण पडले तर हातात काही राहत नाही आणि त्या पायरीची सगळी परीक्षा पुन्हा द्यावी लागते. म्हणून पायरी निवडताना उडी आपल्या ताकदीची असावी.

मुलांसाठी डेल्फचे वेगळे प्रकार आहेत. प्राथमिक शाळेतल्या लहान मुलांसाठी डेल्फ प्रिम आणि साधारण बारा ते सतरा वयाच्या मुलांसाठी डेल्फ ज्युनिअर. त्यातले विषय त्या वयाला शोभणारे असतात. ज्युनिअरच्या डिप्लोमाची किंमत मोठ्यांच्या डिप्लोमापेक्षा कमी धरली जात नाही.

टीसीएफ आणि टेफ : दोन वर्षांचा कागद

टीसीएफ ही परीक्षा डेल्फ-डाल्फचे काम पाहणारी फ्रान्स एज्युकेशन इंटरनॅशनल ही सरकारी संस्थाच चालवते. टेफ ही पॅरिस विभागाच्या वाणिज्य व उद्योग मंडळाची परीक्षा आहे आणि ती १९९८ साली सुरू झाली.

या दोन्ही परीक्षांत पास-नापास हा प्रकार नाही. सगळ्यांना एकाच मापाची प्रश्नपत्रिका मिळते आणि आपण किती पाण्यात आहोत ते गुणांवरून ठरते. ताप मोजण्याच्या काचेच्या नळीसारखे हे आहे. पारा जिथे थांबेल तो आपला आकडा. कोणी रिकाम्या हाताने परत येत नाही. पण तो आकडा आपल्या कामाचा आहे की नाही, हे ज्याच्या टेबलावर कागद ठेवायचा तो ठरवतो.

या निकालाची मुदत दोन वर्षे असते. त्यानंतर तो कागद निरुपयोगी. मनाजोगते गुण पडले नाहीत तर ठराविक दिवसांचे अंतर ठेवून पुन्हा बसता येते, मात्र दर वेळी पूर्ण फी भरावी लागते.

सर्वांत जास्त गफलत होते ती इथल्या पोटप्रकारांत. टीसीएफ कॅनडा वेगळी, टीसीएफ क्यूबेक वेगळी, फ्रान्समधल्या वास्तव्यासाठी आणि नागरिकत्वासाठी असलेली टीसीएफ आयआरएन वेगळी, आणि सर्वसाधारण टीसीएफ वेगळी. टेफचेही असेच आहे. फॉर्मवर नुसते "टीसीएफ" पाहून सही करू नका. पुढचा शब्द वाचा. एका शब्दाच्या फरकाने सगळी फी वाया जाऊ शकते.

दोन बहिणींचे उदाहरण

हे सारे नीट कळावे म्हणून एक उदाहरण घेऊ. समजा एका घरात दोन बहिणी आहेत. दोघी एकाच क्लासला जातात, एकाच पुस्तकातून शिकतात आणि दोघींची तयारी बी-२ पर्यंत आली आहे. थोरलीने नर्सिंग केले आहे आणि तिला कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करायचा आहे. धाकटी बी.ए. झाली आहे आणि तिला फ्रान्समध्ये पुढचे शिक्षण घ्यायचे आहे.

धाकटीने डेल्फ बी-२ द्यावी. फ्रान्सच्या विद्यापीठांत फ्रेंच माध्यमाच्या अभ्यासक्रमांना बहुधा बी-२ मागतात, काही ठिकाणी सी-१. डेल्फ बी-२ फ्रान्सच्या विद्यापीठांना चांगली परिचित आहे, आणि यंदा प्रवेश हुकला तरी पुढच्या वर्षी तोच कागद चालतो. अनेक विद्यापीठे टीसीएफचे गुणही मान्य करतात. प्रवेशाची तारीख तोंडावर आली असेल आणि डेल्फची बैठक लांब असेल, तर टीसीएफचा मार्ग उपयोगी पडतो. फक्त त्या विद्यापीठाने आपल्या माहितीपत्रकात कोणती परीक्षा आणि कोणती पायरी लिहिली आहे, ते आधी पाहून घ्यावे.

थोरलीने मात्र डेल्फच्या मागे जाऊ नये. कॅनडाच्या केंद्र सरकारची एक्सप्रेस एन्ट्री नावाची गुणांवर चालणारी पद्धत आहे. त्या पद्धतीत फ्रेंचसाठी दोनच परीक्षा धरल्या जातात : टीसीएफ कॅनडा आणि टेफ कॅनडा. डेल्फ बी-२ कितीही चांगल्या गुणांनी मिळवली असली तरी तिथे तिचे गुण मिळत नाहीत. मग ज्या मुलीने सहा महिने घासून डिप्लोमा मिळवला, तिला त्याच ज्ञानाची परीक्षा दुसऱ्यांदा पैसे भरून द्यावी लागते.

दोघी बहिणींचे फ्रेंच सारखेच, पण टेबल वेगळे म्हणून परीक्षा वेगळी.

कॅनडाचे गणित

कॅनडाची स्वतःची बारा पायऱ्यांची मोजपट्टी आहे. तिची सातवी पायरी ही साधारणपणे युरोपीय बी-२ च्या आसपास येते. एक्सप्रेस एन्ट्रीमध्ये फ्रेंचच्या चारही भागांत सातवी पायरी गाठली तर जादा गुण मिळतात. इंग्रजीची परीक्षाही दिली असेल आणि तीत पाचवी पायरी किंवा अधिक असेल तर हे जादा गुण ५० असतात, नाहीतर २५. शिवाय २०२३ पासून कॅनडाने फ्रेंच जाणणाऱ्यांसाठी वेगळ्या निवड फेऱ्या सुरू केल्या आहेत. फ्रेंचकडे ओढा वाढण्याचे हे मोठे कारण आहे.

टीसीएफ कॅनडामध्ये सातव्या पायरीसाठी ऐकण्यात किमान ४५८, वाचनात किमान ४५३, आणि लेखन व संभाषण या दोन्हींत २० पैकी किमान १० गुण लागतात. चारांपैकी तिघांत जमले आणि एकात घसरले, तर त्या सातव्या पायरीचा जादा लाभ मिळत नाही. आपल्याकडची मुले वाचनात पक्की असतात, पण ऐकण्यात आणि बोलण्यात मार खातात. तयारीचा जास्त वेळ तिकडे द्यावा.

टीसीएफ कॅनडा की टेफ कॅनडा, असा प्रश्न पुढे येतो. कॅनडा सरकारला दोन्ही सारख्याच. टीसीएफ कॅनडामध्ये ऐकण्याचे ३९ प्रश्न ३५ मिनिटांत, वाचनाचे ३९ प्रश्न ६० मिनिटांत, लेखनाची तीन कामे ६० मिनिटांत आणि संभाषणाची तीन कामे १२ मिनिटांत करायची असतात. टेफ कॅनडाच्या तोंडी परीक्षेत दोन भाग असतात. पहिल्यात एखादी जाहिरात वाचून फोनवर चौकशी करावी तसे प्रश्न विचारायचे आणि दुसऱ्यात एखाद्या मित्राला एखादी गोष्ट पटवून द्यायची. लेखनातही एक भाग अर्धवट बातमी पूर्ण करण्याचा आणि दुसरा आपले मत पटवून देण्याचा असतो. दोन्हींच्या नमुना प्रश्नपत्रिका घरी सोडवून पाहाव्यात. जी अंगवळणी पडेल ती द्यावी. जवळच्या केंद्रात कोणत्या परीक्षेची तारीख लवकर आहे हेही पाहावे.

निकालाची मुदत इथे फार महत्त्वाची. कायमच्या वास्तव्याचा अर्ज ज्या दिवशी भराल त्या दिवशी तो निकाल दोन वर्षांच्या आतला असला पाहिजे. म्हणून शिक्षणाच्या प्रमाणपत्रांची पडताळणी, अनुभवाची पत्रे, पासपोर्ट ही कामे रखडलेली असताना घाईने परीक्षा देऊन ठेवू नये. सातवी पायरी गाठण्याइतकी तयारी आणि बाकीचे कागद, ही दोन्ही एकत्र जुळून आली की परीक्षा द्यावी. आणखी एक गोष्ट थोरलीसारख्या मुलींनी ध्यानात ठेवावी. वास्तव्याचा परवाना मिळाला म्हणजे परिचारिका म्हणून काम करता येईलच असे नाही. त्यासाठी त्या त्या प्रांताच्या नियामक संस्थेकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते.

क्यूबेक हा कॅनडाचा फ्रेंच भाषिक प्रांत. १९९१ साली कॅनडा सरकारशी झालेल्या करारानुसार हा प्रांत आपले बहुतेक आर्थिक स्थलांतरित स्वतः निवडतो आणि त्याचे नियम वेगळे आहेत. क्यूबेकच्या यादीत टीसीएफ आणि टेफसोबत डेल्फ आणि डाल्फही आहेत. म्हणून "कॅनडात डेल्फ चालते" हे वाक्यही खरे आणि "कॅनडात डेल्फ चालत नाही" हेही खरे. कोणत्या कॅनडाबद्दल बोलणे चालले आहे, ते विचारावे. नुसत्या ऐकीव माहितीवर घरातले सोने मोडू नये.

फ्रान्समध्ये राहायचे असेल तर

काहींची मुले फ्रान्समध्ये नोकरीला लागली आहेत, काही मुली लग्न होऊन तिकडे गेल्या आहेत. त्यांच्यासाठी नियम अलीकडेच कडक झाले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्सने केलेल्या कायद्यानुसार १ जानेवारी २०२६ पासून नागरिकत्वासाठी बी-२ पायरी लागते. पूर्वी बी-१ पुरत असे. दहा वर्षांच्या वास्तव्य पत्रासाठी ए-२ ऐवजी बी-१ लागते आणि अनेक वर्षांच्या वास्तव्य पत्रासाठी ए-२. जुनी माहिती देणारे लोक आणि जुनी माहितीपत्रके अजून फिरत आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगत आहोत.

या कामासाठी टीसीएफ आयआरएन ही परीक्षा आहे आणि डेल्फचा डिप्लोमाही चालतो. कायम तिकडेच राहायचे असेल तर आमच्या मते डेल्फ बी-२ करून ठेवणे शहाणपणाचे. आज वास्तव्य पत्राला आणि काही वर्षांनी नागरिकत्वाला, दोन्हीकडे तोच डिप्लोमा कामी येतो.

इथेच नोकरी करायची असेल तर

सगळ्यांनाच परदेशी जायचे नसते. पुणे, मुंबई, बंगळूर या शहरांत फ्रेंच ग्राहकांची कामे करणाऱ्या कंपन्या, भाषांतर करून घेणाऱ्या संस्था आणि पर्यटन व्यवसाय आहेत. अशा ठिकाणी मुदत संपणारा कागद घेऊन काय करणार? त्यांच्यासाठी डेल्फ बी-२, आणि पुढे जमले तर डाल्फ सी-१, हाच रस्ता. शाळेत फ्रेंच शिकवायचे असेल तर मात्र पदवी आणि बी.एड. यांची जागा डिप्लोमा घेऊ शकत नाही. तो जोडीला असावा.

शाळकरी मुलांच्या बाबतीत आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. मुलगा आठवीत फ्रेंच शिकतो म्हणून लगेच त्याला परीक्षेला बसवण्याची घाई नको. त्याला गोडी असेल आणि घरची ओढाताण होत नसेल तर डेल्फ ज्युनिअर अवश्य द्यावी. पण शाळेची फी थकलेली असताना हा खर्च करू नये. ही परीक्षा पुढे केव्हाही देता येते.

कदाचित परीक्षाच नको

फ्रान्समध्ये इंग्रजी माध्यमातून शिकवले जाणारे अनेक अभ्यासक्रम आहेत, विशेषतः व्यवस्थापन आणि अभियांत्रिकीतले वरचे अभ्यासक्रम. त्यांच्या प्रवेशासाठी बहुधा इंग्रजीची परीक्षा मागतात, फ्रेंचची नाही. अशा मुलाने परीक्षेवर पैसे घालण्याऐवजी बोलण्यापुरते फ्रेंच शिकून जावे. तिकडे खोली भाड्याने घेताना आणि बाजारात ते उपयोगी पडते.

शिष्यवृत्तीचाही विचार इथेच करायला हवा. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तसेच केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीही आहे. विद्यापीठाची जागतिक क्रमवारी, उत्पन्न, वय यांच्या अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेल्या असतात. त्या नीट वाचाव्यात. अर्जासोबत विद्यापीठाचे प्रवेशपत्र लागते. त्या पत्रावर "भाषेचे प्रमाणपत्र नंतर सादर करावे" अशी अट राहिली, तर शिष्यवृत्तीच्या वेळी अडचण उभी राहू शकते. म्हणून भाषेची परीक्षा आधी, प्रवेशपत्र नंतर आणि शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटी, असा क्रम धरून वर्षभर आधीच मांडणी करावी.

वेळ किती, खर्च किती

"तीन महिन्यांत बी-२" अशा जाहिरातींवर विश्वास ठेवू नका. शून्यापासून सुरुवात करणाऱ्याला बी-२ पर्यंत ढोबळ मानाने साडेपाचशे ते साडेसहाशे तासांचे शिक्षण लागते. नोकरी सांभाळून आठवड्याला दहा तास दिले, तर वर्ष-सव्वा वर्ष होते. त्यात सणवार, आजारपण, ओव्हरटाईम धरला तर दीड वर्ष धरून चालावे.

शिकण्याची सोय पाहताना फक्त चकचकीत क्लास पाहू नका. मुंबई आणि पुण्यात अलियान्स फ्रान्सेजची केंद्रे आहेत आणि ही संस्था डेल्फ-डाल्फच्या परीक्षाही घेते. मुंबई विद्यापीठात फ्रेंच विभाग आहे. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. कुठली फी परवडते आणि वेळ कुठली जमते, हे स्वतः जाऊन विचारावे. घरी सरावासाठी टीव्ही५ मोंद आणि आरएफआय या फ्रेंच वाहिन्यांचे धडे मोबाईलवर फुकट मिळतात. परीक्षांचे नमुनेही फुकट मिळतात. त्यासाठी कोणाला पैसे देऊ नयेत.

मराठी शाळेतल्या मुलाने भिऊ नये

"आमचा मुलगा मराठी शाळेत शिकला, त्याचे इंग्रजी कच्चे, त्याला फ्रेंच कसे जमणार?" असा प्रश्न आई-वडील विचारतात. त्यांना आम्ही आवर्जून सांगतो की या परीक्षांत इंग्रजीचा एक शब्दही नसतो. प्रश्न फ्रेंचमध्ये, उत्तर फ्रेंचमध्ये, परीक्षकाशी बोलणेही फ्रेंचमध्ये. इंग्रजी शाळेतला मुलगा आणि मराठी शाळेतला मुलगा त्या खोलीत एकाच रेघेवर उभे असतात.

उलट काही गोष्टींत मराठी मुलाला सोपे जाते. फ्रेंचमध्ये जवळच्याला "त्यू" आणि मान देऊन बोलायचे तर "वू" म्हणतात. इंग्रजीत हा भेद उरलेला नाही, पण आपल्या मुलाला तू आणि तुम्ही जन्मापासून ठाऊक असते. बी-२ च्या औपचारिक पत्रात किंवा परीक्षकाशी बोलताना "वू" च वापरायचे, हे त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. निर्जीव वस्तूलाही लिंग असते हे आपल्याला नवीन नाही. फक्त आपल्याकडे तीन लिंगे, तिथे दोन. टेबल आपल्याकडे "ते", फ्रेंचमध्ये स्त्रीलिंगी. शब्द पाठ करतानाच त्याचे लिंगही पाठ करावे.

आकड्यांची गंमत तर पाहा. फ्रेंचमध्ये ऐंशी म्हणताना "चार विसा" अशाच अर्थाचा शब्द वापरतात आणि सत्तर म्हणजे "साठ दहा". गावाकडे शाळेचे तोंड न पाहिलेली आपली आजी पैसे मोजताना विसांनीच मोजायची. ऐकण्याच्या परीक्षेत गाडीची वेळ, फोन नंबर, किमती येतात आणि तिथेच गुण जातात. आजीची ही मोजदाद डोक्यात ठेवली तर ते गुण वाचतील.

फॉर्म भरण्यापूर्वी

जाता जाता काही गोष्टी, ज्या कागदावर उतरवून कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवाव्यात :

१. जिथे कागद द्यायचा त्या विद्यापीठाच्या किंवा सरकारच्या अधिकृत माहितीत परीक्षेचे पूर्ण नाव आणि पायरी वाचा. क्लासवाल्याचे किंवा एजंटचे तोंडी सांगणे पुरेसे मानू नका. पैसे घेऊन कॅनडात स्थलांतराचा सल्ला देणाऱ्याला परवाना लागतो. तो दाखवायला सांगा.

२. कागद केव्हा द्यायचा आहे ती तारीख लिहा. तिथून मागे मोजत या. निकालाला काही आठवडे लागतात आणि डेल्फच्या बैठका वर्षातून मोजक्या वेळाच असतात. डेल्फ पास झाल्यावर आधी यशस्वितेचे पत्र मिळते, मूळ डिप्लोमा फ्रान्सहून नंतर येतो.

३. फॉर्मवरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळले पाहिजे. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यावर एक स्पेलिंग, जातीच्या दाखल्यावर दुसरे, वडिलांच्या नावात तिसरे असे होते. ते आधी दुरुस्त करून घ्या.

४. आधी दोन-तीन नमुना परीक्षा घड्याळ लावून सोडवा. डेल्फसाठी साठच्या खाली गुण येत असतील तर थोडे थांबा. परीक्षेच्या दिवशी दडपणाने पाच-दहा गुण कमी होतात.

५. मूळ डिप्लोमा प्लास्टिकच्या पाकिटात, ओलीपासून दूर ठेवा आणि त्याच्या दोन-तीन प्रती काढून ठेवा.

आपल्या घरांत शिक्षणावर खर्च होणारा प्रत्येक रुपया कोणाच्या तरी घामाचा असतो. ओव्हरटाईम करणाऱ्या बापाला आणि चार घरची कामे करणाऱ्या आईला फ्रेंच येत नसेल, पण "पोरी, हा कागद कुठे द्यायचा आहे आणि तिथे तो चालतो हे कुठे लिहिले आहे ते मला दाखव," एवढे त्यांनी नक्की विचारावे. आणि मुलीनेही तो मजकूर उघडून, बोट ठेवून, मराठीत समजावून दाखवावा. तेवढे झाले की निर्धास्त मनाने फी भरावी आणि अभ्यासाला बसावे.